दुसरा आकडा

आमच्या घरमालकांना जेवायला बोलावण्याआधी घणसोली गावातले लोक दोनदा विचार करायचे. माणूस भांडखोर नव्हता, पीत नव्हता. पण त्यांच्या गळ्यात बारा महिने स्टॉपवॉच असायचं आणि पिशवीत ॲल्युमिनियमचा एक पेला. पेल्याच्या बुडाला मधोमध एक भोक. पानात वरण पडायच्या आधी ते भोकावर डाव्या हाताचं बोट धरत, पेला वरणाने काठोकाठ भरून घेत, खाली वाटी धरून बोट काढत आणि घड्याळ सुरू करत. धार तुटली की घड्याळ बंद. "बावीस," असं म्हणत आणि मग निवांत जेवत. एका घरचं वरण चौदा निघालं आणि त्या घराने दोन वर्षं बोलणं टाकलं, असं मी ऐकलं आहे. पाहिलेलं नाही, म्हणून खात्री देत नाही.

आम्ही त्यांना काका म्हणत असू. गावठाणातल्या जुन्या घराच्या जागी त्यांनी चार मजली इमारत बांधली होती. खाली ते आणि काकी, वर सहा भाडेकरू. आम्ही दुसऱ्या मजल्यावर नऊ वर्षं आहोत. तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं हेच काम केलं होतं. रंग घट्ट आहे की पातळ, हे त्या भोकाच्या पेल्याने मोजतात. पेला किती सेकंदांत रिकामा होतो तो रंगाचा आकडा. निवृत्त होताना कारखान्याने त्यांना घड्याळ दिलं. पेला त्यांनी मागून घेतला.

लोकांना ते गमतीचे वाटत. मलाही वाटत. आता तसं म्हणवत नाही. त्यांची आठवण निघाली की माझे कान आपोआप बाबांच्या खोलीकडे वळतात.

माझ्यावर त्यांचा लोभ होता, कारण मीही आकड्यातला माणूस. तुर्भ्यातच एका वजनकाट्यावर नोकरी करतो. माल भरलेला ट्रक काट्यावर येतो, माल उतरवून रिकामा परत येतो. भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा केलं की मालाचं वजन. एकाच वजनावर मी एकोणीस वर्षांत पावती फाडलेली नाही. हे वाक्य मुद्दाम लिहितो आहे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

ते मला "काटेवाले" म्हणत. जिन्यात भेट झाली की कारखान्यातली एकच गोष्ट सांगत. जानेवारीतली थंड सकाळ, बाहेर लॉरी उभी, साहेब घाई करतोय. काकांनी रंग मोजला, आकडा बरोबर आला, सही केली. दुपारी उन्हात तोच रंग एका इमारतीच्या भिंतीवरून ओघळत खाली आला. थंडीत घट्ट होता, उन्हात पाणी झाला. तेव्हापासून ते कुठलीही वस्तू दोनदा मोजत. एकदा जशी आली तशी आणि एकदा जिथे वापरायची तिथल्या उष्णतेला.

"टेंपरेचर लिवलं नाय तर तो आकडा नाय, गप्पा हाय," असं म्हणत.

मी मान डोलवत असे. गोष्ट मला पाठ झाली होती. पाठ झालेली गोष्ट आपण ऐकत नाही.

दर रविवारी संध्याकाळी ते स्टेशनजवळच्या बर्गरच्या दुकानात जात. तिथला थिक शेक हा त्यांच्या डोक्यात बसलेला विषय होता. पहिल्यांदा नातीने नेलं तेव्हा कागदाच्या नळीतून ओढता ओढता नळी चपटी झाली, काकांचे गाल आत गेले, शेक जागचा हलला नाही. काउंटरवरच्या मुलीने चमचा दिला. काकांनी तो परत केला. फळ्यावर हे पिण्याच्या पदार्थांत लिहिलं आहे, तेव्हा पिऊनच दाखवा, असा त्यांचा मुद्दा होता. "पिन्याचं हाय का खायाचं, ते अगोदर ठरवा," असं त्यांनी मॅनेजरला शांतपणे सांगितलं आणि पुढच्या रविवारी पेला घेऊन गेले.

मग तो आमच्या इमारतीचा कार्यक्रमच झाला. पाच-सात जण त्यांच्याबरोबर जायचो. शेक पेल्यात भरायचा, बोट काढायचं, घड्याळ सुरू. सगळे भोकाकडे बघत. तीस सेकंद, साठ सेकंद, नव्वद. थेंब नाही. दोन मिनिटांनी काका घड्याळ थांबवत आणि न्यायाधीशासारखे म्हणत, "पडत नाय." हशा, टाळ्या. दुकानातली पोरंही हसत. मॅनेजर सुरुवातीला वैतागला, मग तोही बघायला येऊ लागला.

यानंतरचा भाग कोणी बघत नसे. काका उरलेला शेक स्टीलच्या डबीत भरत, झाकण घट्ट लावत आणि डबी काखेत धरून घरी चालत येत. सदऱ्यावर काखेपाशी गार ओला डाग पडलेला असे. घरी आल्यावरही अर्धा तास ते तसेच डबी काखेत दाबून ओट्यावर बसत. काकी म्हणत, "अंडी उबवतायत." आम्ही हसून वर निघून जायचो. डबी उघडल्यावर ते काय करतात, कुठे लिहितात, हे मी कधी विचारलं नाही.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. वय अठ्ठ्याहत्तर. उजवा हात आणि बोलणं हळूहळू थोडं परत आलं. गिळणं आलं नाही.

एकावन्न वर्षांचा होईपर्यंत पाण्याच्या घोटाची भीती वाटू शकते हे मला ठाऊक नव्हतं. गिळण्याचे व्यायाम शिकवायला एक बाई घरी येत. त्यांनी समजावून सांगितलं. पाणी पातळ असतं, ते घशात झरकन उतरतं. बाबांच्या घशाला सावरायला वेळ लागतो. तेवढ्यात पाणी श्वासनळीत शिरतं आणि फुफ्फुसात जातं. म्हणून पाणी, चहा, ताक, काहीही असो, पावडर घालून घट्ट करूनच द्यायचं. घट्ट पदार्थ सावकाश उतरतो, घशाला वेळ मिळतो.

मी विचारलं, चुकून आत गेलं तर ठसका लागेल ना?

"लागला तर बरं," बाई म्हणाल्या. "यांना कधीकधी लागणारच नाही. काही कळणार नाही आणि दोन दिवसांनी ताप येईल."

त्या वाक्यानंतर आमच्या घरातलं खाणंपिणं बदललं. बाबांचा ठसका ऐकू आला की भीती वाटे आणि नाही आला की जास्त वाटे. बाईंनी एक खूण शिकवली होती. प्रत्येक घोटानंतर बाबांना "आ" म्हणायला लावायचं. आवाज कोरडा आला तर पुढचा घोट. गुळण्या करताना येतो तसा ओला आला तर थांबायचं. बायको चमचा धरी, मी कान देई. टीव्ही बंद, पंखा बंद. दिवसाला साठ-सत्तर वेळा "आ". शेजारच्यांना वाटे बाबा गाणं शिकतायत.

पावडर किती घालायची यावरून रोज घोळ व्हायचा. डब्यावर "एक चमचा" लिहिलेलं, पण चमचा कुठला? मी काकांकडे गेलो. त्यांनी बाईंना खाली बोलावलं, त्यांच्या हाताने एक पेला पाणी कालवून घेतलं, डबीत भरून काखेत धरलं आणि मग भोकाच्या पेल्यातून सोडलं. अठ्ठेचाळीस सेकंद. साधं पाणी दहा. काकांनी भिंतीवर पेन्सिलीने लिहिलं, पंचेचाळीसच्या खाली द्यायचं नाही. त्या दिवसापासून रोज पाच वाजता ते जिना चढून वर येत आणि बाबांच्या पाण्याचा नमुना मोजत. बाई म्हणाल्या की इतका काटेकोरपणा त्यांनी रुग्णालयातही पाहिला नाही. काका खूश झाले, पण हसले नाहीत.

घोळ वेगळाच झाला. बाबांना ते पाणी आवडेना. "खळ," एवढंच म्हणत आणि ओठ मिटून घेत. दिवसाला बाराशे मिलिलिटर पोटात जायला हवं होतं. मी वहीत मांडत होतो. सोमवारी पाचशे ऐंशी, मंगळवारी चारशे दहा, बुधवारी तीनशे चाळीस. लघवी गडद होऊ लागली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर पुन्हा नाकातून नळी घालावी लागेल. आधी एकोणीस दिवस नळी होती. ती ओढून काढू नये म्हणून बाबांचा चांगला हात पलंगाला बांधावा लागला होता, आणि तो मी बांधला होता. नळीचं नाव ऐकल्यावर बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि डावा हात पांघरुणात लपवला.

गुरुवारी दुपारी मी विचारलं, बाबा, काय प्यावंसं वाटतं? त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. म्हणाले, "मुलांचा... शेक." आमची मुलं त्या बर्गरच्या दुकानातून आणत तो.

मला तो सुटकेचा मार्ग वाटला. नळीतून ओढला जात नाही, पेल्यातून पडत नाही, दोन मिनिटं थांबलं तरी थेंब नाही. इतका घट्ट की पावडरीचीही गरज नाही. मी स्वतः समोर उभा राहून किती रविवार पाहिलं होतं. पंचेचाळीसची अट, आणि इथे एकशे वीसच्याही पुढे. मी स्ट्रॉबेरीचा आणला, बर्फात ठेवून, म्हणजे वाटेत वितळू नये. एवढी काळजी घेतली होती मी.

बाबांनी पहिला चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले. खूप दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर चव दिसली. प्रत्येक चमचा ते तोंडात घोळवत ठेवत, मग गिळत. "आ" कोरडा. दुसरा, तिसरा, सातवा, सगळे कोरडे. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. नवव्या चमच्यानंतर "आ" जरा ओला वाटला. मी थांबलो. ठसका नाही, काही नाही. बाबा हसत होते.

पाच वाजता काका आले. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी माझ्या हातातला कागदी ग्लास पाहिला.

"किती दिला?"

"नऊ चमचे. काका, पडत नाही ना हा? तुम्हीच तर मोजलाय."

"तोंडात किती वेळ धरतात?"

"वीस-बावीस सेकंद."

त्यांनी चमचाभर शेक स्वतःच्या तोंडात घेतला, ओठ मिटले आणि घड्याळ सुरू केलं. मी त्यांच्या गालांकडे बघत होतो, ते घड्याळाकडे. बाविसाव्या सेकंदाला त्यांनी वाटी पुढे ओढली आणि तोंडातलं त्यात सोडलं. वाटी तिरकी केली. गुलाबी पाणी या काठावरून त्या काठाला पळालं.

"काटेवाले," ते म्हणाले, "ट्रक एकदाच तोललात?"

आवाजात टोमणा नव्हता.

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं ते सांगितलं. दोन दिवस लक्ष ठेवा, म्हणाले, दर चार तासांनी ताप बघा आणि मिनिटाला किती श्वास घेतात ते मोजा. श्वास चोवीसच्या वर गेले किंवा ताप चढला तर थांबू नका, थेट घेऊन या. बाबांना उशांना टेकवून बसतं ठेवलं. काका खुर्ची ओढून पलंगाशी बसले, गळ्यातलं घड्याळ हातात घेतलं आणि बाबांच्या छातीकडे बघू लागले. अठरा. अर्ध्या तासाने अठरा. मग एकोणीस. त्यांना सांगितलं की चार तासांनी मोजायचं आहे, तर म्हणाले, "मना काय काम हाय?"

आपल्या माणसाची छाती वर-खाली होताना सलग बघू नये. थोड्या वेळाने प्रत्येक श्वास शेवटचा वाटतो आणि पुढचा येईपर्यंतचं अंतर लांबत जातं. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. सिंकमध्ये उरलेला शेक ओतला. थोडा वेळ तो जाळीवर गोळा होऊन बसला. मग बघता बघता पातळ झाला आणि निघून गेला.

शुक्रवारी सकाळी वीस. नऊ वाजता बावीस. अकराला काकांनी मला हाक मारली नाही, नुसतं घड्याळ माझ्यापुढे धरलं आणि मोजायला सांगितलं. त्यांना स्वतःच्या मोजण्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. मी मोजले. सत्तावीस. अंग हाताला तापलेलं लागत होतं. एकशे एक.

रुग्णालयात बाबा नऊ दिवस होते, त्यांतले चार ऑक्सिजनवर. न्यूमोनिया उजव्या बाजूला. नाकातली नळी आलीच. हात बांधायला मी नकार दिला आणि त्या नऊ दिवसांत बाबा जागे असले की आळीपाळीने आम्ही तो धरून बसलो. काकाही बसले.

तिथेच, बाबांचा हात धरलेला असताना, ते मला म्हणाले, "माजी चूक हाय."

मी म्हटलं, शेक मी आणला, चमचा मी दिला.

"दुसरा आकडा मी दर टायमाला काढलेला," ते म्हणाले. "काखेतला. अकरा. कधी बारा. पानीच ते. पन तो बोललो नाय कधी. तुमी पयल्याला टाळ्या देत होते. मंग मी तिथंच थांबायला लागलो."

त्यांनी वह्या आणल्या होत्या. प्रत्येक रविवारच्या पानावर दोन ओळी होत्या. वर, दुकानात, पडत नाही. खाली, काखेत, म्हणजे तोंडातल्या उष्णतेला, अकरा. वह्या भरलेल्या होत्या. कोणालाही दाखवल्या असत्या. कोणी मागितल्या नव्हत्या.

बाबा घरी आले. नळी निघाली. आम्ही पाण्याऐवजी डाळिंबाचा रस, कोकम, शहाळं असं पावडर घालून देऊ लागलो आणि आकडा कधी आठशे, कधी साडेआठशे असा टिकला. बाराशे कधीच झाला नाही. डॉक्टर म्हणाले, चालेल.

काकांचे रविवार मात्र बदलले. ते दुकानात जात राहिले, पण पेला नेत नसत. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून राहत. कोणी म्हातारा माणूस शेक घेऊन बसलेला दिसला की उठून त्याच्याजवळ जात आणि विचारत, "गिलताना ठसका लागतो का कधी?" बहुतेक लोक घाबरत. एका बाईने आपल्या सासऱ्यांना उठवून दुसऱ्या टेबलावर नेलं. काका तिथेही गेले. त्यांना फक्त सांगायचं होतं की हे तोंडात पाणी होतं. पण ते नीट सांगता येत नसे. ते सेकंदांपासून सुरुवात करत, आणि अनोळखी माणूस आपल्या सासऱ्यांसमोर काखेबद्दल बोलू लागला तर कोण ऐकेल?

शेवटी मॅनेजरने मला बाजूला घेतलं. तोच, जो टाळ्या द्यायला येत असे. म्हणाला, अंकलना जरा समजवा, गिऱ्हाईक तुटतंय. काउंटरवरची मुलं हसत होती, पण वेगळं. मी काकांचा दंड धरून त्यांना बाहेर आणलं. रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, "सांगितलं त्याला?" मी हो म्हणालो. शेकचं तोंडात पाणी होतं हे मी मॅनेजरला सांगितलं नव्हतं. एवढ्या गर्दीत मला लाज वाटली होती.

गेल्या वर्षी काकींचे गुडघे गेले आणि मुलीने दोघांना उलव्याला आपल्याकडे नेलं. लिफ्टची इमारत, तेरावा मजला. निघताना पेला त्यांनी माझ्याकडे ठेवला, कारण मोजायचं इथे होतं. स्टॉपवॉच ठेवलं नाही.

तेव्हापासून रोज पाच वाजता फोन येतो. नमस्कार नाही, तब्येत नाही.

"किती?"

"गार असताना सत्तेचाळीस. काखेत सेहेचाळीस."

काखेत मीच धरतो. माझ्या सदऱ्यांनाही आता तो डाग असतो. मुलं हसतात, बायको हसत नाही. एकदा कामावरून उशिरा आलो होतो, घाईत एकच आकडा सांगितला. पलीकडून आवाजच येईना. मला वाटलं फोन तुटला. तुटला नव्हता. ते थांबले होते. मी डबी काखेत घेतली, अर्धा तास ते फोनवर तसेच राहिले, मागे त्यांच्या नातीचा अभ्यास ऐकू येत होता.

दोन आकडे झाले की ते म्हणतात, "द्या."

मी फोन बाबांच्या तोंडाजवळ धरतो. बाबांना आता सवय झाली आहे. एक चमचा घेतात, सावकाश गिळतात आणि फोनमध्ये "आ" म्हणतात. मग मी फोन कानाला लावतो. पलीकडे शांतता असते. तेराव्या मजल्यावर डोळे मिटून तो आवाज पुन्हा मनात ऐकणारा माणूस मला दिसतो. ही शांतता मी मोजली आहे, चार सेकंद. कधी पाच. माझ्या कानांनी आवाज ऐकलेला असतो, मला वाटत असतं की बरा आहे, तरी त्या चार सेकंदांत मी श्वास घेत नाही.

"कोरडा हाय," ते म्हणतात, आणि फोन ठेवतात.